एकवीस हललेली फुलं

"हे कोणतं फूल?" लेले सरांनी विचारलं.

"शेवंती," मी ताबडतोब म्हणाले.

सरांनी चित्र उलटं केलं. पाठीमागे निळ्या मार्करनं, माझ्याच अक्षरात, 'झेंडू' असं लिहिलं होतं.

"आणि हे?"

आता मी जरा सावध झाले. फिकट जांभळ्या रेघा खालून वर गेल्या होत्या आणि टोकाशी विरघळल्या होत्या. "अष्टर," मी म्हणाले.

पाठीमागे 'निशिगंध' होतं.

"निशिगंध जांभळा असतो का गं, उल्का?"

"नसतो, सर."

"मग?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते, त्यांना माझी कीव आली होती, आणि ते मला अजिबात सोसत नव्हतं.

ही गोष्ट सांगलीतली, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पाच वर्षं एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो, साखरपुडे आणि बारशी काढली होती. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की हललेला फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, गुपचूप परत काढायचा. आणि त्या वर्षी मला नेमकं हलवण्याचंच वेड लागलं. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात कॅमेराच हलवायचा. निशिगंधाला देठाच्या दिशेनं सरळ वर न्यायचा. झेंडूला मनगटातून गोल फिरवायचा. अबोलीला नुसता शहारा द्यायचा. शंभर फोटो काढावेत तेव्हा त्यातला एखादा असा यायचा की पाकळ्या जाऊन फक्त फुलाचा आनंद उरलाय असं वाटायचं. मी पहाटे पाचला स्कूटर काढायची आणि कुणाच्या शेतात, कुणाच्या नर्सरीत, गणपतीच्या देवळासमोरच्या हारवाल्यांच्या रांगेत, जिथे फूल दिसेल तिथे कॅमेरा नाचवत सुटायची. आई म्हणायची, पोरीला कुणीतरी काहीतरी केलंय.

आता शहाणा माणूस काय करेल? आधी प्रत्येक फुलाचा एक सरळ, स्थिर फोटो काढून ठेवेल, म्हणजे पुढे घोळ नको. मी शहाणी नव्हते. वर्षभर एकही सरळ फोटो काढायचा नाही असा मी पणच केला होता. कुठल्या फुलाचा कुठला फोटो हे लिहून ठेवायचं तर माझ्या डोक्यातही आलं नाही. चित्रं छापून आली तेव्हा मागे नावं घातली ती अंदाजानं. मंगळवारी मला जे झेंडू वाटलं होतं ते गुरुवारी सरांसमोर शेवंती वाटत होतं.

प्राध्यापक विष्णु गोविंद लेले म्हणजे आमच्या पुष्पमित्र मंडळाचा कणा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दर जानेवारीत मंडळाचं फुलांचं प्रदर्शन भरायचं आणि प्रत्येक कुंडीपुढे सरांच्या वळणदार अक्षरातलं कार्ड असायचं. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव. एकतीस वर्षांत एक कार्ड चुकलं नव्हतं आणि ही गोष्ट सांगलीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण सर ती सगळ्यांना सांगत. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच हॉलची एक भिंत छायाचित्रांना द्यायचं कबूल केलं होतं. माझ्या छायाचित्रांना. एकवीस चित्रांना.

"हे बघ," सर म्हणाले, "चित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. रंग छान आहेत. पण आमचं प्रदर्शन फुलांचं आहे. जे चित्र बघून काढणारीलाच फूल ओळखता येत नाही, त्यात फूल आहे असं कशावरून म्हणायचं?"

"सर, मला दोन दिवस द्या."

"दोन कुठले? परवा सकाळी दहाला दार उघडायचंय. उद्या संध्याकाळपर्यंत मला एकवीस नावं आणून दे. खात्रीची. एकही अंदाजाचं नको. नाहीतर त्या भिंतीवर मी गुलाबाच्या जातींचा तक्ता लावतो, तो तयारच आहे."

मी गठ्ठा उचलला. तेवढ्यात त्यांनी त्यातलं एक चित्र अलगद ओढून घेतलं. अकरावं. गडद केशरी, आत आत वळत गेलेली वलयं.

"हे मात्र राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "याला म्हणतात फूल! एवढं हलवलंस तरी यानं झेंडूपण सोडलं नाही. टॅजेटिस इरेक्टा. याचं कार्ड मी आजच करतो. हे मधोमध लावू."

"एक तर ओळखता आलं," मी म्हणाले.

"मला आलं," सर म्हणाले.

घरी येऊन मी वीस चित्रं जमिनीवर मांडली आणि मधे बसले. अकराव्याची छोटी प्रत माझ्याजवळ होती, तीही ठेवली. पाच ओळखता आली, अगदी शपथेवर. बाकीच्यांकडे जितकं बघावं तितकी ती मला परकी होत गेली. तेव्हा जी भीती वाटली ती भिंत जाण्याची नव्हती. सर म्हणाले ते खरं असेल तर? मी वर्षभर फुलांसमोर उभी राहून नुसता हात हलवला असेल आणि फूल तिथेच, शेतात, मागे राहिलं असेल तर? मग माझे फोटो म्हणजे नुसते हललेले फोटो, परत काढून द्यायचे. ही चित्रं भिंतीवर गेली नाहीत तर पुन्हा या वाटेला जायचं नाही आणि मुकाट्यानं बारशी काढायची, असं मी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. मी ठरवलं की ठरवलं, हा माझा स्वभाव घरादाराला माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी सहाला गणपतीच्या देवळासमोर गेले. चित्रं पिशवीत होती. विचार एवढाच की खरी फुलं समोर असतील, त्यांच्याशी एकेक चित्र ताडून बघावं. रांगेच्या टोकाला द्वारकामावशी फुलारींची जागा. साठी उलटलेली बाई, कपाळावर मोठं कुंकू. शेजारी त्यांची सून वैजयंता. दोघींच्या मधे पाट्या आणि ओल्या पोत्यावर फुलांचे ढीग. मावशींची आणि माझी तोंडओळख होती, कारण वर्षभरात मी चार-पाच वेळा त्यांच्या फुलांसमोर कॅमेरा घेऊन नाचले होते आणि प्रत्येक वेळी त्यांनी "बाजूला हो गं बाय, गिऱ्हाईक येतंय" म्हणून मला हाकललं होतं.

मी त्यांच्या मागच्या पायरीवर बसले आणि पिशवीतून एक चित्र काढून गुपचूप ढिगाशी ताडायला लागले. मावशी हार ओवत होत्या. सुईवर फूल, फुलावर फूल. मान वर न करता त्या म्हणाल्या, "उलटं धरलंयस."

"काय?"

"कागद उलटा धरलायस. बिजली हाय ती. पाटीतनं वतताना हिकडनं तिकडं जात्या, तू तिकडनं हिकडं न्यायलीस."

मी चित्राकडे बघितलं, मग ते फिरवलं. कधीतरी मीच पाटी ओतली जात असताना कॅमेरा तिच्याबरोबर ओढला होता, ते मला तेव्हा आठवलं. हारात घालतात ती बारीक बिजलीच होती.

"मावशी," मी चित्र घेऊन पुढे सरकले, "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हंजे? बिजली बिजलीसारखी दिसंल न्हाईतर काय करंल?"

मी दुसरं चित्र पुढे केलं. मावशींनी ओझरतं बघितलं. "गलाटा. जुना माल हाय, कडा काळ्या पडाय लागल्यात्या."

तिसरं. "अबोली."

चौथं. "ही कण्हेर. वाऱ्यावरची."

"वाऱ्यावरची कशावरून?"

"आगं, तू हलीवलंयस त्ये येगळं आनि ती आपल्या आपून हलल्या त्ये येगळं. दिसतंय की."

मला दिसत नव्हतं. मग बघत राहिले तेव्हा दिसलं. माझी हालचाल एका दिशेची होती आणि तिच्या आत बारीक, दुसरीच थरथर होती. त्या दिवशी शेतावर वारा सुटला होता आणि मी वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

एव्हाना वैजयंतानं सुई ठेवली होती. शेजारच्या दोघी-तिघी सरकत आल्या. मी चित्रं पायरीवर मांडली, आणि मग काय विचारता! मोठाच दंगा झाला. एक म्हणायची गुलाब, दुसरी म्हणायची तुझा बाप गुलाब. जास्वंदीवर मात्र सगळ्यांचं एका क्षणात एकमत झालं. मग मी जांभळ्या रेघांचं ते चित्र पुढे धरलं.

"अष्टर," वैजयंता म्हणाली.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "गुलछडी."

गुलछडी म्हणजे निशिगंधच. "पण मावशी, निशिगंध पांढरा असतो. हे जांभळं आहे."

"पहाटंचं काढलंयस?"

"हो. उजाडायच्या आत."

"मग? उजाडायच्या आत पांढरं फूल जांभळंच दिसतंय. मी रोज चारला गठ्ठा सोडत्या, मला सांगू नगं."

मंगळवारी मी बरोबर लिहिलं होतं तर! मला इतका आनंद झाला की मी मावशींच्या ढिगातलं एक फूल उचलून केसात खोवलं. "ते हाराचं हाय," मावशी म्हणाल्या, पण काढून घेतलं नाही.

खरी गंमत झाली ती नवव्या चित्रावर. पिवळंधमक, नुसत्या वाहत्या कडा. वैजयंता म्हणाली पिवळा गलाटा, म्हणजे हारात घालतात ते शेवंतीसारखंच दिसणारं फूल. मावशी म्हणाल्या पिवळी शेवंती. सून सासूपुढे हटेना. "आत्ती, माझं डोळं तरणं हाईत," ती म्हणाली. "तरणं हाईत म्हनूनच फसत्यात," मावशी म्हणाल्या.

शेवटी मावशींनी रिकामी पाटी पुढे ओढली. दोन्ही ओंजळींत शेवंती घेतली आणि मला म्हणाल्या, "डोकं हलीव."

"काय?"

"तुझा तो क्यामेरा हलतोय न्हवं? आता डोकं हलीव. मी वरनं सोडत्या, तू बघ."

मी मान डावी-उजवीकडे झुलवायला लागले. मावशींनी उंचावरून शेवंती सोडली. मग वैजयंतानं गलाटा सोडला. परत शेवंती, परत गलाटा. मला चक्कर यायला लागली, पण फरक दिसत होता. गलाटा तुटक पडत होता. शेवंती सलग, एका धारेत. शेजारणींना वाटलं आपणही बघावं, म्हणून त्याही माना हलवायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ देवदर्शनाला निघाले होते. त्यांनी हे बघितलं, चप्पल काढून आम्हाला हात जोडले आणि म्हणाले, "कुणाकुणाच्या अंगात आलंय?"

आम्ही इतक्या हसलो की वैजयंताच्या मांडीवरची हाराची लड सगळी सुटली.

शेवंतीच होती. वैजयंतानं मान्य केलं, पण तोंड वाकडं करून.

वीस चित्रं झाली, वीस नावं झाली. शपथेवर ओळखलेली माझी पाच मी मुद्दाम आधी न सांगता दाखवली होती. पाचही बरोबर आली. माझ्या वहीत यादी तयार होती आणि मी हवेत होते. केवळ पुरं करायचं म्हणून पिशवीतली अकराव्याची छोटी प्रत काढली.

"हे आम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "झेंडू. लेले सरांनी ओळखलाय."

मावशींनी पहिल्यांदाच सुई बाजूला ठेवली आणि प्रत हातात घेतली. जवळ नेली, लांब धरली.

"हे फूल न्हवं," त्या म्हणाल्या.

"मावशी, प्रोफेसर आहेत ते. फुलांचेच प्रोफेसर."

"असत्याल. पर फुलाला तोंड असतंय. कसं बी हलीव, तोंड कुठंतरी ऱ्हातंयच. ह्याला तोंड न्हाई. हे नुसतं फिरतंय. आनि उजेड बघ, आरपार चाललाय. झेंडूतनं उजेड आरपार जातोय व्हय?"

वैजयंता सासूच्या खांद्यावरून वाकली आणि एकदम किंचाळली, "आत्ती, जिलबी हाय ही!"

मग मावशी म्हणाल्या, "दसऱ्याला जिलबीवाल्या केरबानं हितंच शेजारी कढई टाकली हुती. ही पोरगी सकाळी दोन तास हितंच हुती."

होते. झेंडूचे डोंगर लागले होते, मी त्यांच्यासमोर कॅमेरा फिरवत होते आणि मधेच, हात मोकळा करायला, शेजारच्या कढईवरही दोन-चार वेळा फिरवला होता. घरी येऊन संगणकावर बघितलं. त्याच्या आधीच्या फोटोत, कोपऱ्यात, झाऱ्याची दांडी होती.

आता मी पेचात सापडले. सरांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी स्वतः ओळखलेलं एकुलतं एक चित्र, त्यांच्याच हातानं मधोमध लागणारं. एकतीस वर्षांत न चुकलेल्या माणसाला, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, तुमचा झेंडू तळलेला आहे असं कोण सांगणार? सांगितलं तर भिंत गेलीच म्हणून समजा. आणि भिंत गेली की काय होणार हे मी स्वतःशी ठरवून बसले होते. गप्प बसावं असं मला दुपारभर वाटत होतं, हे मी लपवत नाही. पण माझी वीस खरी फुलं त्या खोट्या झेंडूच्या बाजूला लावायची मला लाज वाटायला लागली. ती फुलं आहेत हे आज सकाळीच सिद्ध झालं होतं. ज्या डोळ्यांनी ते सिद्ध केलं त्यांनीच अकरावं नाकारलं होतं. अर्धा निकाल घ्यायचा आणि अर्धा खिशात घालायचा हे काही खरं नाही.

संध्याकाळी सरांकडे गेले. ते टेबलाशी कार्डं लिहीत बसले होते. झेंडूचं कार्ड लिहून, वाळवून, चित्राखाली ठेवलेलंही होतं. मी यादी पुढे केली.

"वीसच नावं?" सर म्हणाले. "अर्थात. अकरावं आपल्याकडे आहेच."

"सर, अकरावं लावू नका."

"का?"

"ते फूल नाही."

"मग काय आहे?"

"जिलेबी."

सरांनी दौतीचं झाकण लावलं. दुसरा चष्मा शोधला, घातला. चित्र दिव्याखाली धरलं.

"कोण म्हणालं?"

"द्वारकामावशी फुलारी. गणपतीसमोर हार करतात. मी घरी जाऊन बघितलं सर, त्यांचं बरोबर आहे. आधीच्या फोटोत झारा आहे."

"आणि ही वीस?"

"त्यांनीच ओळखली. त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं."

"कशावरून?"

"पाटी ओतताना तशीच दिसतात म्हणाल्या."

सरांनी यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "चित्रं ठेवून जा."

"सर, भिंत..."

"जा म्हटलं ना, उल्का."

शनिवारी मी पावणेदहालाच हॉलच्या बाहेर उभी होते, आत जायचा धीर होत नव्हता. खिडकीतून भिंतीचा एक तुकडा दिसत होता. त्यावर गुलाबांचा तक्ता नव्हता. काहीतरी पिवळं होतं. पिवळं आणि वाहतं.

मी धावतच आत गेले. एकवीसच्या एकवीस. मी मोजली, परत मोजली. प्रत्येकाखाली सरांच्या अक्षरातलं ताजं कार्ड. पहिल्यावर लिहिलं होतं:

निशिगंध
पॉलिएंथेस ट्युबरोसा
छायाचित्र: उल्का शेटे
ओळख: द्वारका फुलारी

दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही. सगळ्यांवर शेवटची ओळ तीच होती आणि नवव्यावर पुढे 'वैजयंता फुलारी यांचे मत वेगळे होते' असंही बारीक अक्षरात होतं.

"सर, ही ओळख म्हणजे..."

सर मागे येऊन उभे राहिले होते. "आम्ही वाळवलेली रोपं कागदावर चिकटवून ठेवतो ना, तेव्हा खाली दोन नावं लिहितो. रोप आणणाऱ्याचं एक आणि ते ओळखणाऱ्याचं एक. एकतीस वर्षं इथे ओळखणारा मीच होतो, म्हणून कधी लिहिलं नाही. या वेळी लिहायला हवं."

"पण तुम्ही नुसत्या माझ्या सांगण्यावरून..."

"नुसत्या सांगण्यावरून मी माझं स्वतःचं नावही लिहीत नाही," सर म्हणाले आणि एका आजींना गुलाबाच्या कुंडीपासून दूर करायला गेले.

मग मी अकराव्यापुढे गेले. ते मधोमधच होतं. त्याखाली दोन कार्डं होती, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. डावीकडे कालचं, वाळवून ठेवलेलं: 'झेंडू. टॅजेटिस इरेक्टा. ओळख: प्रा. वि. गो. लेले.' आणि उजवीकडे नवं: 'जिलेबी. फेरओळख: द्वारका फुलारी.' मला नंतर सरांनी सांगितलं की जुनी ओळख चुकीची निघाली तरी तिची चिठ्ठी कधी फाडायची नसते. नवी शेजारी चिकटवायची. माणसानं कुठे चूक केली हे पुढच्याला कळायला हवं. हे सांगताना ते जरा ताठच उभे होते, पण त्या दिवशी त्या चित्रापुढे जी गर्दी जमत होती आणि जे हसू फुटत होतं, त्यात त्यांचं हसू सगळ्यात मोठं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः हाताला धरून तिथे नेत होते. "बघा, मी काय म्हणालो होतो बघा," असं सांगत होते.

साडेअकराला, देवळासमोरची सकाळची गर्दी ओसरल्यावर द्वारकामावशी आल्या. नवं लुगडं, मागे वैजयंता, तिच्यामागे रांगेतल्या चौघीजणी. दारात चप्पल काढायची का नाही यावर त्यांची चर्चा झाली आणि सगळ्यांनी काढली.

"तुमचं सर आज पहाटं आलं हुतं," वैजयंता माझ्या कानाशी म्हणाली. "सगळी चित्रं घिऊन. पत्ते पिसावं तशी पिसली, आनि आत्तीला पहिल्यापासनं पुन्हा इचारलं. दोनदा. एकदा उलटी धरून."

"आणि?"

"काय आनि? दोन्ही टायमाला तीच नावं. मग म्हनाले मला बी दाखवा. आत्तीनं फुलं सोडली आनि त्यांनी मान हलिवली. चष्मा उडून झेंडूत पडला. आमाला लई येळ घावंनाच."

सर पुढे आले. त्यांनी मावशींना नमस्कार केला, अगदी वाकून. मावशी गोंधळल्या. मग दोघं भिंतीच्या एका टोकाला उभे राहिले आणि सरांनी पहिल्या कार्डावर हात ठेवून ते झाकलं.

"सांगा."

"गुलछडी."

"पॉलिएंथेस ट्युबरोसा," सर म्हणाले.

"बिजली."

सरांनी तिचं शास्त्रीय नाव सांगितलं. मावशींनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं आणि पदर तोंडावर धरून हसल्या.

"अबोली." "क्रॉसँड्रा." "जास्वंद." "हिबिस्कस." असे दोघं भिंतीच्या कडेनं चालले होते. मावशी एक नाव घ्यायच्या, सर दुसरं घ्यायचे आणि मागून पन्नास-साठ माणसं सरकत होती. लोक आधी चित्राकडे बघायचे, मग मावशींकडे, मग परत चित्राकडे, आणि त्यांचे चेहरे बदलायचे. फूल दिसायचं त्यांना. मी बाजूला उभी राहून चित्रांकडे नाही, त्या चेहऱ्यांकडेच बघत होते. एकेका माणसाला माझं एकेक फूल भेटत होतं. वर्षभर ते शेतात मागे राहिलं नव्हतं. सगळं माझ्याबरोबर आलं होतं.

भिंत संपली. टाळ्या झाल्या. वैजयंतानं मावशींना एका कार्डापुढे उभं केलं आणि बोट ठेवून शेवटची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मावशींनी ती परत वाचायला लावली. मग पुढच्या कार्डावर तेच आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर त्याच्या पुढच्यावर. एकविसाच्या एकवीस कार्डांवर आपलं नाव आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. जिलेबीपाशी त्या जरा थांबल्या आणि सरांकडे बघितलं.

मग माझ्याजवळ आल्या.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "ही एवढी मानसं टाळ्या कशाला वाजवाय लागल्यात?"

"तुम्ही ओळखलंत ना मावशी. त्यांना कुणालाच ओळखता येत नव्हतं. मलासुद्धा."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. पिवळ्या वाहत्या शेवंतीकडे, पहाटेच्या निशिगंधाकडे. मग माझ्याकडे, खरोखरच्या आश्चर्यानं.

"फुलं अशीच दिसत्यात की," त्या म्हणाल्या. "म्या तर जल्मभर अशीच बघत्या. मला वाटलं सगळ्यास्नी अशीच दिसत्यात."

मी त्या भरल्या हॉलमध्ये, लेले सरांच्या देखत, त्यांना कडकडून मिठी मारली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं आणि दोन्हीतलं काहीच आवरत नव्हतं. मावशींनी दोनदा माझ्या पाठीवर थोपटलं आणि मग सुटायला धडपडायला लागल्या.

"सोड, सोड गं बाय," त्या म्हणाल्या, "दुपारच्या आरतीचा हार ऱ्हायलाय माझा."